घेरीवरील औषधे : तातडीच्या वेळी कोणते द्यावे आणि कधी थांबवावे

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा असावा, थोरामोठ्यांचे शुभसंदेश असावेत, हे योग्यच आहे. परंतु स्मरणिका घरोघर जाते, वर्षानुवर्षे कपाटात राहते आणि अधूनमधून उघडली जाते. म्हणून वेळप्रसंगी उपयोगी पडतील अशी चार पाने तीत असावीत असे आम्हांस वाटते. ह्याच हेतूने आम्ही घेरी हा विषय निवडला आहे. आम्ही वैद्य नव्हेत, शाळेत विज्ञान शिकविणारे शिक्षक आहोत. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी केलेल्या प्रयोगांचे सार समजावे. ती औषधाची चिठ्ठी नव्हे.

विषय निवडण्यास कारणही तसेच आहे. आपल्यापैकी बहुतेक घरांत घेरीच्या गोळ्यांची एखादी अर्धी संपलेली पट्टी पडलेली असते. आजीला पूर्वी कधी तरी दिलेली गोळी पुढे मामीला दिली जाते आणि मामीची शेजारणीला. गोळीने गुंगी येते, रोगी झोपतो, घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. बहुतेक वेळा ह्यात फारसे बिघडत नाही. परंतु ज्या एका वेळी बिघडते त्या वेळी माणूस हातचा जातो किंवा जन्माचा अधू होतो. तो एक प्रसंग ओळखता यावा, एवढीच ह्या लेखाची अपेक्षा आहे.

चक्कर एक, अर्थ तीन

‘चक्कर आली’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडतो की काय असे वाटणे, ही पहिली. ती मेंदूला क्षणभर रक्त कमी पडल्यामुळे येते. आपल्या शिरगावात देवी लईराईच्या जत्रेत वैशाखाच्या उकाड्यात, गर्दीत, व्रतस्थ माणसाला असे होऊ शकते. उन्हाळ्यात रोजा आला तर रोजेदारालाही होऊ शकते. त्यास घेरीची गोळी नको. आडवे निजवावे, पाय थोडे उंच करावेत, मोकळी हवा द्यावी आणि पुरती शुद्ध आल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजावे. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा धर्मानेच दिलेली आहे, हेही अशा वेळी स्मरावे. मधुमेही माणूस असेल तर रक्तातील साखर उतरली आहे काय, हे आधी पाहावे.

चालताना तोल जाणे, पाय लटपटणे, ही दुसरी गोष्ट. म्हातारपण, अधू दृष्टी, पायांतील संवेदना कमी होणे अशी तिची अनेक कारणे असतात. तिसरी ती खरी घेरी. तीत आपण स्थिर असूनही घर, छत, खाट गरगर फिरते. जोडीला ओकारी येते, घाम फुटतो, डोळे उघडवत नाहीत. तातडीच्या औषधांची तुलना करावयाची ती ह्या तिसऱ्या प्रकारासाठीच.

कानाच्या आतील तोलकाटा

ऐकण्याचे इंद्रिय म्हणून आपण कानास ओळखतो. पण शरीराचा तोल सांभाळण्याचे कामही आतल्या कानाकडे आहे. तेथे प्रत्येक बाजूस तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका वळते, पण आतला द्रव किंचित मागे राहतो. पाण्याने भरलेला पेला एकदम फिरविला तर पाणी लगेच फिरत नाही, तसेच हे. द्रवाच्या ह्या ओढीने सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूस संदेश जातो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातून उतरल्यावर मुलांना जग फिरताना दिसते, कारण पाळणा थांबला तरी कानातला द्रव अजून फिरतच असतो.

ह्या नलिकांशेजारी दोन लहान पिशव्या आहेत. त्यांत बारीक स्फटिक असतात. तिसऱ्यांचे कवच ज्या द्रव्याचे बनते त्याच चुन्याच्या द्रव्याचे हे स्फटिक आहेत. ते जागेवर असतात तोवर आपणांस त्यांची जाणीवही नसते.

कान आणि तोल ह्यांचा संबंध वैद्यकास उशिरा कळला. १८६१ साली पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर ह्यांनी प्रथम ठामपणे मांडले की, घेरीचे मूळ मेंदूत नसून कानात असू शकते. पुढे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी ह्यांच्या ध्यानात आले की, रोग्याचा कान धुताना पाणी फार थंड वा फार गरम असले तर त्यास घेरी येते आणि डोळे एका ठराविक दिशेने झटके देऊ लागतात. थंड पाण्याने एका दिशेस, गरम पाण्याने उलट दिशेस. त्या शोधासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ती वार्ता कळली तेव्हा ते पहिल्या महायुद्धात पकडले जाऊन रशियात युद्धकैदी होते. घेरी आलेल्या रोग्याचे डॉक्टर आधी डोळे का पाहतात, त्याचे उत्तर ह्या शोधात आहे.

चार कारणे

खऱ्या घेरीची मुख्य कारणे चार म्हणून सांगता येतील. पहिले व सर्वांत जास्त आढळणारे म्हणजे वर सांगितलेले स्फटिक सुटून नलिकेत शिरणे. अंथरुणात कूस बदलली, वर फळीवरचा डबा काढावयास मान वर केली, की घेरी येते आणि बहुधा एका मिनिटाच्या आत ओसरते. दुसरे, तोलाच्या मज्जातंतूस सूज येणे. ही घेरी अखंड असते, एक-दोन दिवस रोग्यास डोके उचलू देत नाही, मग हळूहळू उतरते. तिसरा मेनिएरचा विकार. त्यात वीस मिनिटांपासून कित्येक तास घेरी टिकते आणि सोबत एका कानाने ऐकू कमी येते, कानात आवाज होतो, कान भरल्यासारखा वाटतो.

चौथे कारण म्हणजे मेंदूच्या मागील भागात, लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठाशी, झालेला पक्षाघात. प्रमाणाने हे कारण थोडे, पण धोक्याने सर्वांत मोठे. अर्धांगवायू म्हटला की तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे एवढेच आपण जाणतो. मेंदूच्या मागील भागातील पक्षाघातात कधी कधी ह्यांपैकी काहीच नसते. केवळ घेरी, ओकारी आणि उभे न राहता येणे एवढेच दिसते. अशा रोग्यास गुंगीची गोळी देऊन झोपविले तर सकाळपर्यंतचा अमोल वेळ निघून जातो. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

औषधाआधीची परीक्षा

म्हणूनच तातडीच्या विभागातील जाणता डॉक्टर ‘कोणते इंजेक्शन द्यावे’ ह्याआधी ‘घेरी कशाची’ हा प्रश्न विचारतो. अखंड घेरी असलेल्या रोग्यासाठी डोळ्यांच्या तीन छोट्या परीक्षा आहेत. रोग्यास समोर पाहावयास सांगून त्याचे डोके झटकन थोडे वळवितात आणि नजर लक्ष्यावर टिकते की मागे पडून परत येते, हे पाहतात. मग डोळ्यांचे झटके एकाच दिशेस जातात की नजरेबरोबर दिशा बदलतात, हे पाहतात. शेवटी एकेक डोळा झाकून उघडताना तो वर-खाली सरकतो काय, हे पाहतात.

ह्यात एक गंमत आहे. अखंड घेरी चालू असता पहिल्या परीक्षेत नजर मागे पडली तर दोष कानाचा, म्हणजे भय कमी; आणि नजर अगदी उत्तम टिकली तर ती चिंतेची बाब, कारण कान ठीक असूनही घेरी आहे, म्हणजे दोष मेंदूत असण्याचा संभव आहे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १०१ रोग्यांच्या अभ्यासात तज्ज्ञांनी केलेल्या ह्या तीन परीक्षांनी एकही पक्षाघात निसटू दिला नाही. उलट त्याच रोग्यांच्या पहिल्या एमआरआय चित्रणात सुमारे १२ टक्के वेळा पक्षाघात दिसलाच नाही, आणि ती सर्व चित्रणे पहिल्या ४८ तासांतील होती. सीटी स्कॅन तर ह्या भागातील नव्या पक्षाघातासाठी त्याहूनही दुबळा. यंत्र मोठे म्हणून निदान मोठे असे नसते, हे आपण ध्यानात घ्यावे. मात्र ही परीक्षा शिकलेल्या हातांनीच व्हावयास हवी. घरी कोणी कोणाची मान झटकू नये.

औषधांचे वर्ग

आता औषधांकडे वळू. पहिला वर्ग ॲलर्जीवरील जुन्या औषधांचा. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अंगावर पित्त उठते म्हणून डायमेनहायड्रिनेट घेणाऱ्या एका स्त्रीच्या ध्यानात आले की, ट्रामने जाताना पूर्वी होणारी मळमळ आता होत नाही. मग ते औषध समुद्र ओलांडणाऱ्या सैनिकांवर तपासले गेले आणि बोट लागण्यावरील उपाय म्हणून मान्य झाले. मेक्लिझिन व सिनारिझिन ही ह्याच गोत्रातील. कानाकडून मेंदूकडे जाणारा गोंधळाचा संदेश ही औषधे मंद करतात. झोप येणे, तोंड कोरडे पडणे, वृद्ध पुरुषांस लघवी अडणे हे त्यांचे दोष. काचबिंदूच्या रोग्याने ती विचारल्यावाचून घेऊ नयेत.

दुसरा वर्ग डायझेपाम, लोराझेपाम ह्यांसारख्या शामक औषधांचा. ती मेंदूची एकंदर चेतनाच मंदावतात. घाबरलेल्या रोग्यास त्यांनी बरे वाटते, पण गुंगी अधिक, पडण्याचे भय अधिक आणि सवय जडण्याचाही धोका.

तिसरा वर्ग ओकारी थांबविणाऱ्या औषधांचा. प्रोक्लोरपेराझिन हे त्यांतील आपल्याकडे फार वापरले जाणारे. इंजेक्शनने लवकर गुण येतो. परंतु क्वचित, विशेषतः तरुणांत, मान वाकडी होणे, जबडा आखडणे, डोळे वर चढणे असा भयंकर दिसणारा परिणाम होतो. त्यावर उतारा आहे, म्हणून न घाबरता लगेच दवाखाना गाठावा. वृद्धांत हे औषध महिनोन्‌महिने चालू राहिले तर हातपायांस कंप व ताठरपणा येऊ शकतो, आणि सिनारिझिननेही तसेच होऊ शकते. नुसती ओकारी थांबवावयाची तर ऑन्डान्सेट्रॉन देतात. त्याने गुंगी फारशी येत नाही, पण घेरीवर त्याचा भर नाही.

चौथे बीटाहिस्टिन. आपल्याकडे घेरी म्हटली की ह्याचीच चिठ्ठी बहुधा लिहिली जाते. हे चालू झटका तत्काळ थांबविणारे औषध नव्हे. मेनिएरच्या विकारात झटके कमी व्हावेत म्हणून दीर्घकाळ देतात. परंतु जर्मनीत २२१ रोग्यांवर नऊ महिने झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खोट्या गोळीपेक्षा त्याचा अधिक गुण दिसला नाही. दमेकरी व पोटात व्रण असलेल्यांनी ते जपून घ्यावे.

तुलना काय सांगते

तातडीच्या विभागात ह्या औषधांची समोरासमोर तुलना झालेली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ७४ रोग्यांपैकी काहींना शिरेतून डायमेनहायड्रिनेट व काहींना लोराझेपाम देण्यात आले. पहिल्या औषधाने घेरी अधिक उतरली आणि गुंगी कमी आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लहान प्रयोगात ४० रोग्यांना तोंडावाटे डायझेपाम वा मेक्लिझिन दिले. तेथे एका तासानंतर दोहोंत फरक आढळला नाही.

दोन लहान प्रयोग दोन गोष्टी सांगू लागले की सर्वच प्रयोग एकत्र मांडून हिशेब करावा लागतो. तसा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या मुख्य प्रश्नावर सात प्रयोगांतील ८०२ रोगी होते. घेरीस शून्य ते शंभर असे गुण दिले तर, औषधाच्या एका मात्रेनंतर दोन तासांनी, ॲलर्जीवरील वर्गातील औषधाने शामक वर्गापेक्षा सुमारे १६ गुणांनी अधिक आराम पडला. प्रोक्लोरपेराझिनसारख्या इतर औषधांशी तुलना करता मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, आठवड्याने व महिन्याने पाहिले असता, रोज घेतलेली शामके किंवा ॲलर्जीवरील औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

ह्याचा सरळ अर्थ असा. पहिल्या काही तासांसाठी डायमेनहायड्रिनेटच्या वर्गातील औषध हे शामकापेक्षा बरे. आणि कोणतेही औषध घेतले तरी ते दोन-तीन दिवसांपलीकडे, डॉक्टरांनी खास कारणासाठी सांगितल्याखेरीज, चालू ठेवू नये.

मज्जातंतूच्या सुजेसाठी एक निराळे औषध तपासले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, १४१ रोग्यांवरील जर्मन प्रयोगात मेथिलप्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडने तोलाचे इंद्रिय अधिक सावरले. विषाणूवरील औषधाने काही साधले नाही. तरीही मधुमेह, रक्तदाब, व्रण पाहून स्टेरॉइड द्यावयाचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

गोळी का थांबवावी

सायकल शिकणारे पोर पडत-धडपडत तोल शिकते. त्यास कायम मागून धरून ठेवले तर ते कधीच शिकणार नाही. मेंदूचेही असेच आहे. एका कानाचा संदेश बिघडला तर मेंदू डोळे, पाय आणि दुसरा कान ह्यांच्या साहाय्याने नवा हिशेब बसवितो. त्यासाठी थोडी हालचाल, थोडी घेरी अनुभवणे आवश्यक असते. गुंगीची गोळी हा अभ्यासच बंद पाडते. म्हणून पहिले एक-दोन दिवस गेल्यावर उठून बसावे, भिंतीच्या आधाराने चालावे आणि डॉक्टरांनी सांगितलेले मान व नजरेचे व्यायाम करावेत.

वृद्धांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे. अशा गोळीच्या गुंगीत रात्री न्हाणीघराकडे जाताना आजी पडते, खुब्याचे हाड मोडते, आणि मूळच्या घेरीहून मोठे संकट घरावर येते. तसेच खाणीवरचा ट्रक, बस, मोटारसायकल वा यंत्र चालविणाऱ्याने ह्या गोळ्या घेऊन कामावर जाऊ नये.

जेथे औषधाची गरजच नाही

कूस बदलताना येणाऱ्या क्षणिक घेरीवर गोळीचा उपयोग जवळजवळ नाही. स्फटिक गोळीने जागेवर जात नाहीत. १९५२ साली इंग्लंडात डिक्स व हॉलपाइक ह्यांनी ही घेरी ओळखण्याची परीक्षा सांगितली आणि १९९२ साली अमेरिकेतील जॉन एप्ली ह्यांनी तिच्यावरील हाताचा उपाय प्रसिद्ध केला. रोग्याचे डोके दुखऱ्या कानाकडे वळवून त्यास मागे निजवितात, मग ठराविक क्रमाने डोके व अंग दुसऱ्या बाजूस वळवून शेवटी बसवितात. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबावयाचे. सुटलेले स्फटिक घरंगळत आपल्या पिशवीत परततात. पुष्कळांना एक-दोन वेळांतच गुण येतो, आणि खर्च काहीच नाही. अमेरिकेतील तातडीच्या वैद्यकशास्त्राच्या संस्थेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही ह्याच उपायाची शिफारस आहे. प्रथम तो जाणकाराकडून करून घ्यावा. मानेचा विकार असल्यास तसे आधी सांगावे.

घरच्यांनी काय करावे

घेरी आलेल्या माणसास एकटे सोडू नये. कुशीवर निजवावे, म्हणजे ओकारी घशात जाणार नाही. घेरी केव्हा सुरू झाली ती वेळ कागदावर लिहावी आणि चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर घ्याव्यात.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर घरातील गोळी न देता १०८ क्रमांक फिरवावा : बोलणे जड होणे, एकाची दोन चित्रे दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायात बधिरपणा वा दुबळेपणा, गिळता न येणे, आधाराशिवाय बसता वा उभे राहता न येणे, अचानक फार तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, छातीत दुखणे, एकाएकी एका कानाने ऐकू न येणे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यास पहिल्यांदाच अखंड घेरी आली तर ह्या खुणा नसल्या तरी थांबू नये.

गोव्यात १०८ ची सेवा २००८ पासून आहे. आपणांस डिचोलीचे आरोग्य केंद्र जवळ, म्हापशाचे जिल्हा रुग्णालय त्यापुढे आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय त्याहून पुढे. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे हे महाविद्यालय आपल्या सर्वांचे आहे. तेथे जावयास संकोच कसला? पक्षाघाताची शंका असेल तर कोठे न्यावयाचे हे रुग्णवाहिकेच्या माणसांस विचारावे आणि ‘घेरी किती वाजता सुरू झाली’ हे न विचारताच सांगावे.

आमची ट्रस्टच्या सभासदांस एवढीच विनंती आहे की, हे पान वाचून झाल्यावर घरातील औषधांचा डबा एकदा उघडावा. घेरीच्या जुन्या पट्ट्या निघतील त्या कोणासाठी, केव्हा आणि किती दिवसांसाठी दिल्या होत्या, हे पाहावे. घरातील वडीलधारी माणसे अशी गोळी महिनोन्‌महिने घेत असतील तर ती आपल्या मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांस दाखवावी, आणि ‘ही अजून हवी काय?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.